भिंतीचं नाक

प्रिय ताई,

तुझं पाकीट मिळालं, आत दवाखान्याचा कागदही मिळाला. पाचवा महिना, सगळी मापं प्रमाणात, डॉक्टरांना काळजीचं काही दिसत नाही. आधी आकडे वाचले, कारण ते मला समजतात. मग जरा वेळ खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली तू लिहिलंयस, 'आईला सांगू नकोस, दवंडी पिटेल. बाळ हातात आलं की मग बघू. तुझ्या पोटात राहतं म्हणून फक्त तुला.' सांगितलेलं नाही. आठ दिवस आम्ही दोघी या घरात खोकी भरतोय आणि ती रोज एकदा तरी विचारते, ताई बरी आहे ना. मी म्हणते, बरी आहे. ते खरंच आहे, तरी तिच्याकडे पाठ असतानाच मला ते म्हणता येतं.

घर महिनाअखेरीला द्यायचंय. घेणारे नवरा-बायको दोघेही दातांचे डॉक्टर आहेत आणि दात बघावेत तसं घर बघतात, वाकून, दिवा मारून, जागोजागी टोकरत. त्यांना एक यादी हवी होती. भिंतींत आणि छताला ज्या जुन्या वस्तू बसवलेल्या आहेत त्या काय आहेत, काढता येतील की नाही, काढल्या तर काय पडेल. काम माझ्याकडे आलं, कारण मी इंजिनियर. मोठ्या इमारतींत हवा कुठून आत घ्यायची आणि कुठून बाहेर काढायची, एवढंच मला कळतं. पण आईच्या लेखी इंजिनियर म्हणजे खिळ्यापासून विमानापर्यंत सगळ्याचा जाणकार. सुतारकाका मदतीला आले. मी प्रत्येक वस्तूला दोरीने चिठ्ठी बांधली, नंबर टाकला, आणि सोमवारपासून आम्ही एकेक उघडायला घेतली.

तुला मजा वाटेल असं बरंच निघालं. न्हाणीघरातल्या आरशामागच्या कपाटात ती बारीक फट होती, आठवते? तू मला सांगायचीस की ती शेजाऱ्यांकडे चिठ्ठ्या टाकायची पेटी आहे, आणि मी वर्षभर त्यांना चिठ्ठ्या टाकल्या. ती वापरलेली ब्लेडं टाकायची फट आहे. खालची फळी काढली तर दोनशेच्या वर गंजलेली ब्लेडं आणि माझ्या अकरा चिठ्ठ्या. सुतारकाका म्हणाले, 'या घरातल्या पुरुषांनी दाढी भिंतीची केली काय?' दिवाणखान्यातली ती दोन पितळी बोंडं, ज्यांच्यावर बाबा चष्मा अडकवायचे, ती गॅसच्या दिव्यांच्या नळ्यांची तोंडं आहेत. वीज यायच्या आधीची. पायरीशेजारचं लोखंडी पातं बुटांचा चिखल खरवडायला. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीतली ती बुटकी, दोन्ही बाजूंनी उघडणारी दारं दुधाच्या बाटल्यांसाठी. दूधवाल्याने बाहेरून ठेवायची, घरच्यांनी आतून घ्यायची. आपण त्यात मांजर कोंडलं होतं. असं एकेक ओळखत गेलो. यादीत नऊ नंबर झाले. फक्त सातव्या नंबरासमोर मी काही लिहिलं नाही.

सातवा म्हणजे भिंतीचं नाक. माझ्या वरच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, भिंतीतून बाहेर आलेलं ते पितळी बुटकं नाक आणि त्यात बसवलेलं बूच. नाव तूच ठेवलं होतंस. सर्दी झाली की तू त्यालाही मलम लावायचीस. नऊपैकी हे एकच असं होतं की जे काय आहे ते मला आधीपासून माहीत होतं, आणि तेच मला लिहिता येत नव्हतं. सुतारकाकांनी विचारलं, हे काय असेल, तर मी म्हटलं, बघू. माझं कामच नळ्यांचं आहे, ताई. तेव्हा 'बघू' म्हणायला मला काही कारण नव्हतं.

ती बोलायची नळी आहे. वरच्या माणसाने खाली स्वयंपाकघरात हुकूम सोडायचा. खालून कुणी फुंकलं की वरच्या बुचातली शिट्टी वाजते. मग बूच काढायचं आणि कान लावायचा. शिशाची नळी, आतून पस्तीस मिलिमीटर, लांबी नऊ मीटर चाळीस, दोन वळणं. खालचं टोक म्हणजे ओट्याजवळचं ते पितळी नरसाळं, ज्याला आई कायम ओलं फडकं अडकवते. मंगळवारी सुतारकाकांनी फडकं काढलं, आत तार घातली, आणि तार दीड वितीवर अडली. त्यांनी आकड्याने ओढलं. आधी पिवळा पडलेला कापूस निघाला, आणि त्याच्यामागून एक रबरी बूच. आईने ते हातात घेतलं, नखाने पुसलं आणि म्हणाली, 'हे बाबांच्या दुकानातलं. मोठ्या बाटल्यांचं. पण त्यांनी हे इथे कशाला घातलं असेल?' मी म्हटलं, वारा येत असेल. तिने मान हलवली, बूच धुतलं आणि 'किरकोळ' लिहिलेल्या खोक्यात टाकलं.

वारा येत नसे, ताई. त्या नळीत दोन्ही टोकांना घराचीच हवा आहे. वारा यायला कारणच नाही. हे मला तोंडातून शब्द जायच्या आधी ठाऊक होतं. मग नळी मोकळी झाली म्हणून मी वर गेले, नाकाचं बूच काढलं आणि खाली ओरडून सुतारकाकांना म्हटलं, काहीतरी बोला. काय बोलू? काहीही. तर त्यांनी नरसाळ्यापाशी आपल्या सुनेविषयी जे सुरू केलं ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं, त्यांचा श्वाससुद्धा. 'कप विसळते, पण तळ कोण बघणार, तिचा बाप?' मी घाईने बूच लावलं. चौदा वर्षांनी मी ते बूच काढलं होतं.

तुम्ही दोघी तेव्हा स्वयंपाकघरात बसून किती हसायचात. जेवणं झाली, बाबा दुकानात परत गेले, की तुमची मैफल. मी दारात आले की आई म्हणायची, 'तू लहान आहेस, वर जा, अभ्यास कर,' आणि तू डोळे मिचकावायचीस. म्हणजे जा आता. मी वर जायचे. त्या वर्षी एकदा कंटाळून नाकाचं बूच फिरवलं तर ते निघालं, आणि आतून तुझं हसणं आलं. मी कुणाला सांगितलं नाही. दुपारी कान लावून पडायचे. तुमचं अर्धंअधिक मला कळायचंही नाही. तुमच्यात बसल्यासारखं वाटायचं, एवढंच.

तिथेच मी ऐकलं की भट्टीवर काच फुंकून वस्तू घडवणाऱ्या त्या काचवाल्या बाईंनी तुला घेतलंय. वर्षाला एकच शिष्य घ्यायच्या त्या, आणि त्यांनी तुझं नाव काढलं होतं. तू आईला सांगत होतीस की दुकान आणि औषधांच्या बाटल्या हे तुझं नाही, तुला भट्टीपुढे उभं राहायचंय, गुरुवारच्या गाडीने निघणार, बाबांना पोचल्यावर पत्र टाकणार. आई भांडी लावत राहिल्याचा आवाज आला. मग म्हणाली, 'लोकरीचं काही नेऊ नकोस, भट्टीपाशी पेटेल.' एवढंच म्हणाली ती. मी रोज दुपारी बाबांचा चहा दुकानात घेऊन जायचे, आणि बाबा रोज विचारायचे, 'काय विशेष?' माझं उत्तर रोज एकच, काही नाही. त्या दिवशी मी सांगितलं.

का सांगितलं, हे मी इतक्या वेळा तपासलंय की आता तरी बरोबर सांगता यावं. तू जाऊ नयेस म्हणून, हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की त्या दिवशी माझ्याकडे विशेष काहीतरी होतं. बाबांनी कप खाली ठेवला. त्यांना तो कप खाली ठेवायला लावणं मला आवडलं.

पुढचं तुला माहीत आहे. बुधवारी बाबा काचवाल्या बाईंकडे जाऊन आले. मुलीला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे, भट्टीचा धूर सोसणार नाही, असं एका औषधवाल्याने सांगितल्यावर कोण नाही म्हणेल? तुझा दमा तू सात वर्षांची असतानाच गेला होता, हे त्यांनाही ठाऊक होतं. संध्याकाळी तू त्यांना विचारलंस, तुम्हाला कुणी सांगितलं? ते म्हणाले, 'मी याच घरात राहतो.' तू आईकडे बघितलंस. आई लाल झाली. आईला कुणी किती वाजले विचारलं तरी ती लाल होते, पण त्या दिवशी तेवढं पुरलं. 'हिला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं,' असं तू म्हणालीस, आणि नाव पडलं. मी जिन्यावर चौथ्या पायरीवर बसले होते. बाबांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

काही दिवसांनी नळीतून आवाज येईनासा झाला. मला वाटलं, तुंबली. तशीही तुम्ही दोघी हसत नव्हता, तेव्हा ऐकायला काही नव्हतंच. बाबांनी नळी शोधून काढली, बूच बसवलं आणि मला एका शब्दाने विचारलं नाही, हे मला या मंगळवारी कळलं. म्हणजे ते जाईपर्यंत दहा वर्षं आम्ही दोघं एकच गोष्ट जाणून होतो, आणि तू घरात होतीस तोवर जेवणाच्या टेबलावर तू आईला दवंडी म्हणालीस की दोघंही आपापल्या ताटात बघायचो.

आईचं काय झालं ते तू दोन वर्षांनी निघून गेलीस म्हणून तुला नीट दिसलेलं नाही. आधी ती हे नाव ऐकून हसायची. मग तिला ते पटलं. शेजारच्या काकू काही सांगायला लागल्या की ती हात वर करते, 'मला नको सांगूस बाई, माझ्या पोटात राहत नाही.' मी नोकरी बदलली तेव्हा तिला बाहेरून कळलं. म्हणाली, बरं केलंस आधी बोलली नाहीस. परवा खोकी भरताना सहज म्हणाली, 'तुझ्या बाबांना मीच सांगितलं असणार. मला आठवत नाही, पण झोपेत-बिपेत बोलले असेन. नाहीतर त्यांना कळणार कसं?' चौदा वर्षं तिने हा हिशेब असा जुळवून ठेवलाय, ताई. जे तिने केलंच नाही ते तिने कधी केलं असेल हे ती शोधत बसलीय.

बुधवारी सकाळी मी तिला सांगितलं. ती कप कागदात गुंडाळत होती. मी उभ्यानेच सांगितलं, नळी, गुरुवारची गाडी, दुकान, बाबांचा कप, बूच, सगळं क्रमाने. संपल्यावर म्हणाली, 'म्हणजे मी नव्हते बोलले.' मी म्हटलं, नाही. 'झोपेतसुद्धा?' झोपेतसुद्धा नाही. मग तिने गुंडाळलेला कप पुन्हा उघडला, त्याच कागदात पुन्हा गुंडाळला आणि म्हणाली, 'एवढीशी होतीस गं.' ती रागावेल याची तयारी मी केली होती. याची केली नव्हती.

आणि मग तिने मला एक गोष्ट न सांगण्याची शपथ घातली. तीच मोडायला हे पत्र लिहितेय. ती म्हणाली, 'हे ताईला कळवू नकोस. तिला मन मोकळं करायला तू एकटीच उरली आहेस. तेही तुटलं तर ती कुणाला सांगेल? माझं काय, मला दवंडीची सवय झालीय.' ती हे खरंच पोटात ठेवेल, मरेपर्यंत ठेवेल, आणि तू मलाच सगळं सांगत राहशील, कारण मी विश्वासाची. ते मला सोसणार नाही. तेव्हा इथे स्पष्ट लिहिते: आईने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. तुझी भट्टी माझ्यामुळे गेली, आणि तुझी आईही. क्षमा मागितली तर तुझ्यावर ती देण्याचा भार येईल, म्हणून मागत नाही. यापुढे मला काही सांगायचं की नाही ते तू ठरव. नाही सांगितलंस तर मी विचारणार नाही. तुझी बातमी मी आईला दिलेली नाही, देणारही नाही. ती तुझी आहे. घरचा फोन तीस तारखेपर्यंत चालू आहे. सकाळी दहानंतर ती एकटी असेल, मी त्या वेळी बाहेर जाईन. गुडघ्यांमुळे तिला उठून येईपर्यंत वेळ लागतो. दहाबारा वेळा वाजू दे, ठेवू नकोस.

तुझीच,
धाकटी