बियाण्याचे कांदे

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय आई,

तुझ्या पायांना इथूनच हात लावते.

आम्ही मंडळाची पोरं-पोरी नीट पोहोचलो. मावशी पोटभर खाऊ घालते, खोकलाही थांबलाय. धाकटा रुद्र शाळेत जातो ना?

कृषी प्रदर्शनात आमच्या युवा मंडळाचा कांद्यात पहिला नंबर आला, हे फोनवर सांगितलंच. तू किती हसलीस! पुढचं सांगायला तोंड उघडेना, म्हणून लिहितेय.

कांदाचाळीत साठवलेला सगळा कांदा निवडून तू ते टोपलीभर कांदे बियाण्यासाठी बाजूला ठेवले होतेस. देताना म्हणालीस, "दाखव आन् परत घेऊन ये. लावायचेत, बी धरायचंय."

परीक्षकांनी एक कांदा हातात घेऊन विचारलं, "कापून बघू का?" मी मान डोलावली. आत एकच डोळा, जोडकांदा नाही, बियाण्याला हवा तसाच. लोक जमले, फोटो काढायला लागले. मग त्यांनी दुसरा मागितला, तिसरा मागितला. टोपली संपेपर्यंत मी देत गेले. आई, मला नको म्हणता आलं असतं. पण सगळे आपल्या कांद्याचं कौतुक करत होते, आणि मला लय भारी वाटत होतं.

उभे कापले गं. आडवे कापले असते तर मुळांकडचे बुडखे तरी लावता आले असते.

गर्दी पांगल्यावर सटाण्याकडचे एक बाबा आले. म्हणाले, "पोरी, याचं बी मिळंल का?"

"आईला विचारून सांगते," म्हणाले मी. हे पत्र तुला मिळायच्या आधीच, उद्या, ते परत येणार आहेत. काय सांगू त्यांना?

रिकामी टोपली घेऊन येणारी,
तुझी स्नेहल