कॅन टेम्पोत नव्हता

बुधवार, मे २००४. भोर.

राग अजून गेलेला नाही. वेल्ह्याकडून दूध घेऊन निघालेला टेम्पो आज मार्गासनीच्या अलीकडे डिझेल संपून भर उन्हात बंद पडला. सगळं दूध नासलं. टेम्पो भाऊजींचा, आणि चारचौघांत ते म्हणाले काय? "वहिनींचा कॉम्प्युटर चुकला."

कॉम्प्युटर चुकला! कुठल्या गावाला कधी जायचं, डिझेल किती लागेल, हे ठरवणारा प्रोग्रॅम मीच लिहिला, मान्य. पण तो कधीच एक आकडा देत नव्हता. कमीत कमी एवढं, जास्तीत जास्त एवढं, आणि मधल्या फरकासाठी डिझेलचा एक भरलेला कॅन टेम्पोत ठेवा, असं सांगायचा. भाऊजींना ते पटेना. "हे काय गोलमाल? मला एकच आकडा द्या." दिला. लगेच त्यांनी कॅन उतरवला.

आपल्याकडे कुणी हात केला की टेम्पो थांबतो, हे भाऊजींना माहीत नाही? ड्रायव्हर इब्राहिमभाई बिचारे सांगत होते, "लग्नाची भांडी व्हती, वयनी. न्हाई कसं म्हनायचं? आडवाटेला जाऊन सोडली." त्यांचं काय चुकलं? म्हणूनच तर कॅन होता!

संध्याकाळी भाऊजी जीप घेऊन आले. "उद्यापासून आकडा जरा वाढवून द्या." म्हणजे पुन्हा एकच आकडा!

जीपमध्ये मागे तोच कॅन. काठोकाठ भरलेला. हा इथे कसा, असं विचारलं.

"असू द्या हो. मला कधी कुठं जावं लागेल, काय सांगता येतं?"