कुंकवाखालची तारीख

मलकपेठ

हिम्मतदादा,

बाबांनी आपल्या दोघांच्या नावावर घेतलेलं किसान विकास पत्र आज पोस्टात नेलं. आपलं बोलणं बंद झालं तेव्हापासून ते माझ्याकडेच आहे. दर लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहत आले. मोडायला तुझीही सही लागणार, म्हणून म्हणायची, राहू दे, वाढतंय.

खिडकीतल्या बाईनं बोटानं कुंकू पुसलं, तर खाली मुदतीची तारीख. म्हणाली, "अम्मा, ये तो कब का डबल होके बैठा है." त्यावर छापलेले दहा हजार ही नुसती दर्शनी किंमत, बाबांनी भरलेली. मुदतीला त्याचे वीस झाले आणि ती वाढ तिथेच थांबली. मी मात्र पुढेही पूजा करत राहिले.

आधी तिचाच राग आला. घरी येताना वाटलं, आपल्या अबोल्याचंही मी असंच धरून चालले होते. ठेवून दिला की आपोआप निवळेल.

हे पत्र टाकत नाही. टाकलं, तर उत्तराची वाट बघत पुन्हा बसून राहीन. उद्या कुकटपल्लीला मीच येते. सही सावकाश कर, आधी दार उघड.

तुझी धाकटी,
त्रिवेणी