चावून भरवलेला घास

२५ सप्टें. ९८
आज सकाळी पूजा अर्धी टाकून उठलो. वैशूला दारातल्या उजेडात आणलं, तोंड उघड म्हटलं. उघडेना. हनुवटी धरली तेव्हा उघडलं. पुढचे दोन दात कडेनं काळे, दाढेत खड्डा. चौदा वर्षांची माझी पोर, डोळे घट्ट मिटून उभी.
काल दादाच्या अंगणात भोंडला होता. दरवर्षी गाणी वैशूच सांगते. वैनी सगळ्या बायापोरींसमोर म्हणाली, "तोंड मिट गं वैशू, सीताफळाच्या बिया सांडतील." हशा झाला. पोर फेर सोडून घरी आली. मला हे पहाटे सौ.कडून कळलं.
वैनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वैशू तिला मोठी आई म्हणते. म्हणायची.

२९ सप्टें.
गल्लीतली पोरं 'सीताफळ' अशी हाक मारतात. वैशू तोंडावर ओढणी धरून शाळेत जाते. समूहगीतातून स्वतःच नाव काढून घेतलं.
काळारामाला गेलो. ओठांवर नाव देवाचं, मनात वैनी. तिचे स्वतःचे दात मिश्री लावून लावून निम्मे गेलेत, आणि ही पोरीला हसते. देवाजवळ काय मागितलं ते इथं लिहीत नाही.

६ ऑक्टो.
दातांच्या डॉ.कडे. तरुण बाई, शांत. पुढचे दोन भरता येतील म्हणाल्या, दाढेचं बघू. मग विचारलं, तान्ही असताना हिला कुणी चावून घास भरवायचं का? दात किडवणारे जंतू मोठ्यांच्या तोंडातून असेच लहानांच्या तोंडात जातात, आणि तिथं घर करतात.
बसल्या जागी सगळं डोळ्यांपुढं आलं. सौ. टायफॉइडनं दवाखान्यात, वैशू जेमतेम वर्षाची. वैनी मांडीवर घेऊन बसायची. भाकरी, शेंगदाणे-गूळ आधी आपण चावायची, मग बोटानं तिच्या तोंडात.
डॉ. पुढं असंही म्हणाल्या की एवढ्यानंच दात किडत नाहीत. गोळ्या, चॉकलेटं, रात्री दात न घासणं, तेही आलं. हे दुसरं मला नको. पहिलं पुरे.

७ ऑक्टो.
सौ.ला सांगितलं. मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या घासांवर जगली ती. वैनींना हे बोललात तर माझ्याशी बोलू नका."
बरं, सौ.शी नाही बोलणार. कित्येक दिवसांनी आज बरं वाटतंय. दिवाळीत सगळे दादाकडं जेवायला असतात. चारचौघांत हसली ना, मग चारचौघांतच...

१५ ऑक्टो.
वैशूचा एक दात भरला. आरशात बघते, हसत नाही. वैनीनं चकल्या पाठवल्या, सोबत निरोप, पोर रुसली का, मी आपली गमतीनं बोलले. गंमत! डबा तसाच परत धाडला.
माळ ओढताना वाक्य जुळवतो. रोज एखादा शब्द कमी करतो. थोडक्यात बोललेलं खोल जातं.

२२ ऑक्टो.
झालं.
पंगत बसली होती. वैनी वाढत वाढत वैशूच्या पानापाशी आली. दोनदा आग्रह केला. वैशू खालीच बघत राहिली. वैनी हसून म्हणाली, "काय गं, तोंडाला कुलूप?"
मी म्हणालो, "वैनी, हिचे दात तुमच्या तोंडानं किडले. चावून भरवत होतात ना. डॉक्टरांनी सांगितलंय."
दादाचा हात पानातच राहिला. वैनीनं पदर तोंडावर धरला. हेच बघायचं होतं, बघितलं.
मग पदराआडून म्हणाली, "भाऊजी, तेव्हा उपाशी ठेवायची होती का हिला?"
उठलो, हात धुतला. सौ. मागोमाग आली, अवाक्षर नाही. वैशूला चल म्हटलं. ती उठून वैनीच्या शेजारी जाऊन बसली.
सांगायचं ते सांगितलं. परत घेणार नाही.
दिवेलागण झाली. वैशू अजून आलेली नाही.