पांढरं झालं का?

उओनुमा, २६ फेब्रुवारी

प्रिय फुसानो,

अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची आपली रीत, पण यंदा तिथेच पेन अडतं. बर्फ पडतो गं, टिकत नाही. समुद्रावरून ओला वारा येतो, ढग डोंगराला धडकतात, सगळं नेहमीसारखं. फक्त जमीन गार झालेली नाही. आत्ताही पडतोय आणि खाली नुसता चिखल.

आईची तब्येत बरी. दिसत आता काहीच नाही, तोंड मात्र शाबूत आहे. परवा शेजारचा तोकुजी मुळे घेऊन आला, तर म्हणाली, "मुळे काय आणतोस मेल्या, बर्फ आण!"

तिचं शेवटचं कापड तुला ठाऊकच आहे. दोन हिवाळे चाचपडत विणलं. पण बर्फावर पसरून ऊन खाल्ल्याशिवाय त्याचा पिवळेपणा जात नाही. रोज सकाळी विचारायची, "शिगेझो, टिकला का रे?" मी म्हणायचो, "उद्या टिकेल." किती दिवस म्हणणार?

शेवटी तोकुजीच्या ट्रकमधून घाटातला बर्फ आणला. खाचरात जाड थर पसरला, वर कापड घातलं. आईला बांधावर खुर्चीत बसवलं. लहान मुलीसारखी खूश होती. तो बर्फ यंत्राने रस्त्याकडेला लोटलेला होता. रस्त्यावरच्या बर्फात मीठ टाकलेलं असतं, गाड्यांचा गंज मिसळलेला असतो, हे या गावात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागतं का? मला सुचलंच नाही. वरून पांढराशुभ्र दिसत होता. आठवड्याने उचललं, तर कापडभर तांबूस डाग.

"पांढरं झालं का?"

"झालं, आई. दुधासारखं."

तिने काठ जिभेला लावला. राखेच्या पाण्यात धुतलेल्या कापडातला क्षार उतरला का, ते ती आयुष्यभर तसंच बघत आली. मग म्हणाली, "छान झालंय रे. दमला असशील, जेवून घे जा."

तिला कळलं, फुसानो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर गुपचूप धुतलं, पुन्हा धुतलं. डाग गेले नाहीत.

तेव्हापासून ती बर्फाचं विचारत नाही. काल माग सुटा करून माळ्यावर टाकायला लावला. "पुढच्या वर्षी लागेल की," मी म्हटलं.

"कशाला?" एवढंच म्हणाली.

तू मार्चमध्ये येशील. ती कापड तुझ्या मांडीवर ठेवेल आणि विचारेल. मी सांगितलं तेच सांग. तिला खरं वाटणार नाही. तरी सांग.

तुझा दादा,
शिगेझो