सीतेचा वाघोबा

मु. पो. कट्टा, ता. मालवण
गुरुवार, दिवाळीला आठ दिवस

आदरणीय गणपत भावोजींस,

कट्ट्याहून बाबलीचा साष्टांग नमस्कार (उभ्यानेच घालतो आहे, कंबर धरली आहे, कारण पुढे येईल). वालावलीस सर्व खुशाल असाल. डोळ्यातलं पाणी थांबलं का? ऑपरेशनला वर्ष झालं तरी तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही असं तुमच्या शेजारची हौसाबाई इथल्या बाजारात म्हणाली, म्हणून मी पहिलीच्या पोरासारखं मोठं अक्षर काढलं आहे. हेतू एवढाच की हे पत्र तुम्हाला एकट्याला, कुणाला हाक न मारता वाचता यावं. मागीलदारी माडाखाली बसून वाचलंत तर उत्तम. फोनच केला असता, पण फोन सीता उचलते, "देतंय हां" म्हणते आणि तुमच्या हाती देते. ते दोन शब्द ऐकले की मी पावसाचं विचारून फोन ठेवून देतो.

गेल्या वर्षीचं तुम्हाला ठाऊक आहेच, पण माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही म्हणून लिहितो. तुम्ही दोघं डोळ्यासाठी कोल्हापुरास गेलात आणि पंधरा दिवस घर माझ्यावर सोपवून गेलात. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, पण कलमं राखण्यात जन्म गेला आहे. आंब्यावर आंब्याचं नसलेलं पान दिसलं की माझा हात आपसूक कोयत्याकडे जातो. बांडगूळ ठेवलं की झाड गेलं, हे मला अक्षरांच्या आधी शिकवलेलं. तुमच्या अंगणातल्या आंब्यावर, दीड पुरुष उंचीवर, जाड चामड्यासारख्या पानांचं काहीतरी मला दिसलं, आणि ते साडीच्या चिंधीने खोडाला बांधलेलं होतं. बांडगूळ कुणी बांधून ठेवत नाही एवढं मलाही कळतं. म्हणून तर माझ्या मनात भलतं आलं. घरधनी दवाखान्यात, अंगणातल्या झाडाला बाईमाणसाच्या साडीची चिंधी, आणि चिंधीतून पांढरी मुळं बोटांसारखी बाहेर आलेली. कुणीतरी करणी केली आहे असंच मी धरून चाललो. दोन दिवस मला घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी शिडी लावली, ते चिंधीसकट उतरवून जाळलं, वाडीच्या राखणदार देवाला नारळ दिला आणि सीतेला फोन करून कळवलं की घरावरचं मोठं संकट मी टाळलं आहे, निर्धास्त असा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, जेवलंस काय?" मी हो म्हटलं, आणि सुरमई ताजी मिळाली होती तेही सांगितलं. तिने फोन ठेवला. त्यानंतर भाऊबीजेला तिला ताप आला. यंदा राखी पोस्टाने आली. पाकिटात राखी होती, अक्षताही होत्या. अक्षर एकही नव्हतं, मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं.

ते ऑर्किड होतं हे मागाहून तुम्ही सांगितलंत. पण खरं लाजेचं कारण असं की त्याच्या आधीच्या चतुर्थीला सीतेने स्वतः मला सगळं सांगितलं होतं. मी "हां, हां" म्हणत होतो आणि माझं लक्ष मोदकांच्या ताटाकडे होतं, कारण पाच उरले होते आणि तुमचे चुलते अजून जेवायचे होते. आता आठवून आठवून तुकडे जुळवतो आहे. ती सांगत होती की कुडाळच्या त्या मोठ्या मॉलात फुलांनी भरलेल्या कुंड्या येतात, फुलं गळली की गिऱ्हाईक ढुंकून बघत नाही, मग त्या कुंड्या अर्ध्या किमतीला लावतात, आणि तरी गेल्या नाहीत तर बादल्या आणि पोछ्यांच्या मागे ढकलून देतात. नावाच्या चिठ्ठ्या तोवर हरवलेल्या असतात. मुंबई-बंगळुरूचे शौकीन ज्याला चार-पाच हजार मोजतात तसलं एखादं चुकून त्या घोळक्यात आलेलं असतं, आणि ते ओळखायचं असेल तर फूल नव्हे, पान आणि मूळ बघायचं. तिने तसलंच एक नव्व्याण्णव रुपयांना आणून आंब्यावर बांधलं होतं. दोन वर्षं वाट पाहिली. मग फुललं ते पिवळं, अंगावर तपकिरी पट्टे, आणि सकाळी त्याला वेलचीसारखा वास. तिने त्याचं नाव वाघोबा ठेवलं. एवढं सगळं ऐकून मी काय बोललो असेन? "नव्व्याण्णवात दोन केरसुण्या आल्या असत्या." सगळे हसले. तीही हसली, हे आता जास्त टोचतं.

तर पौष महिन्यापासून मी वाघोबा शोधायला निघालो. (हे सीतेला कळू देऊ नये.) एकट्याने मॉलात शिरायची छाती होईना, म्हणून मालवणच्या समदला सोबत घेतलं. समद म्हणजे माझा शाळेतला दोस्त, सुक्या मासळीचा व्यापार करायचा, आता मुलगा बघतो. पण त्याची एक खोड आहे. उभा जन्म गल्ल्यावर काढल्यामुळे दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडणं त्याला पाप वाटतं. मी कुंड्यांच्या मागे वाकून मुळं बघत असे आणि तो दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून काहीबाही घेत असे. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, एकदा म्हापसा, एवढ्या फेऱ्यांत त्याच्या घरी सात बादल्या, चार पोछे आणि बिस्किटं कापायचे साचे जमले. नसीबाभाभीने शेवटी त्याला विचारलं की आपण हॉटेल काढणार आहोत का. एका ठिकाणी मूळ नीट दिसेना म्हणून मी रोप कुंडीतून उपटून चष्म्यापाशी धरलं, तर पहारेकरी आला. समदने त्याला सांगितलं, "म्हाताऱ्याची भयण रुसली आसा, बघांदी तेका." पहारेकरी बिचारा मालवणचाच निघाला. त्याने पुढची चार रोपं स्वतः उपटून दाखवली.

असं करत चौदा कुंड्या आणल्या. मला पान ओळखता येतं हा माझा समज होता. एकेक फुलू लागली तशी पडवीत जांभळी, जांभळी, पांढरी, परत जांभळी अशी रांग लागली. लोक थांबून "बाबल्याची बाग काय फुलली" म्हणून कौतुक करत, आणि मी प्रत्येक कळी उमलली की आत जाऊन पडून राहत असे. सूनबाई सावित्रीला वाटलं, मला फुलांचा त्रास होतो. तिने सहा कुंड्या देवळात नेऊन दिल्या.

आणि मग भाद्रपदात, सावंतवाडीच्या एका भांड्यांच्या दुकानात, फिनेलच्या बाटल्यांमागे तो बसला होता. समद म्हणाला, "बाबल्या, हय फुलां नाय रे, फिनेल आसा." मी हात घातला. अर्ध्या किमतीची चिठ्ठी, तिच्यावर परत अर्ध्याची चिठ्ठी. तीन पानं, आणि दांड्याला एक सुकलेलं फूल लटकत होतं. मी ते चष्म्यापाशी नेलं. सुकलं होतं तरी पट्टे होते. भावोजी, पंचाहत्तर रुपये मोजताना मी तीनदा चुकलो, तेव्हा कॅशवरच्या पोरीने मला स्टुलावर बसवून पाणी दिलं. समदने त्या दिवशी आनंदाने प्रेशर कुकर घेतला.

घरी आणून मी ते सीतेने केलं होतं तसंच केलं. नारळाच्या सोडणाचा तुकडा, त्यावर मुळं, आणि बांधायला माझ्याकडे राहिलेली आमच्या आयेच्या लुगड्याची पट्टी. शेळ्या पोचू नयेत म्हणून परड्यातल्या पायरी आंब्यावर उंच बांधलं. कुणाला सांगितलं नाही. सावित्रीलाही नाही, समदलाही कुठे बांधलं ते नाही. मला दृष्टीची फार भीती. एवढी धडपड करून मिळालेलं, कुणी "वा" म्हटलं आणि वाळलं तर? रोज पहाटे, कुणी उठायच्या आत, खालून बघून येत असे. महिन्याभरात चौथं पान फुटलं. भाऊबीजेला ते घेऊन यायचं, तुमच्या आंब्यावर मीच बांधायचं आणि शिडीवरून उतरून मगच बोलायचं, असं मी ठरवलं होतं. बोलायचं काय तेही पाठ केलं होतं.

परवा मंगळवारी मी तुमच्याकडे आणायची साडी घ्यायला मालवणला गेलो. आमचा लवू, जो दर वर्षी पावसानंतर कलमांवरची बांडगुळं काढायला येतो, तो शुक्रवारी यायचा होता. तो मंगळवारीच आला. मी संध्याकाळी परतलो तेव्हा तो पायरीच्या आंब्याखाली कोयता पुसत उभा होता, घामाने निथळत. मला बघून त्याचं तोंड फुललं.

"तात्यानू, एक पान म्हणान ठेवलंय नाय. ह्या पायरीर तर कोणी चिंधी बांधून करणी केल्ली. ती पण काढून टाकलंय. भियां नको."

मी वर बघितलं. खोड स्वच्छ होतं. भावोजी, मला ओरडायचं होतं. त्याच्या हातातला कोयता घेऊन माडाला हाणायचा होता. पण तो पोटतिडकीने सांगत होता, माझं संकट टाळल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं, आणि सकाळपासून तो झाडांवर होता. माझ्या तोंडून जे निघालं ते मी माझ्याच कानांनी ऐकलं.

"लवू, जेवलंस काय रे?"

तो म्हणाला, जेवलंय, सावित्रीवयनीन आंबोळ्ये दिले.

मी पडवीत येऊन बसलो. वर्षभर मला वाटत होतं की ते सीतेने टोमणा म्हणून विचारलं होतं. माणसाकडे बोलायला दुसरं काहीच उरत नाही तेव्हा ते विचारतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

आपला,
बाबली

ता. क. कंबरेचं सांगायचं राहिलं. लवूने काढलेलं सगळं शेणखताच्या खड्ड्यात, गायरीत टाकलं होतं. बुधवारी सकाळी मी गुडघ्यांवर बसून ती गायरी उपसली. सोडणाचा तुकडा मिळाला. त्यावर दीड पान आणि तीन मुळं आहेत, एक मूळ हिरवं आहे. बादलीत ठेवलं आहे (समदची बादली). आता पाणी घालू की नको, कोळसा घालू की सोडण, मला काहीच कळत नाही. ज्याला कळतं त्याला तुम्ही सहज म्हणून, माझं नाव न घेता, विचाराल का?

ता. क. दुसरा. विचारू नका. सीते, भावोजींना पेपरातलं मोठं नावसुद्धा दिसत नाही आणि त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या तूच वाचतेस हे हौसाबाईने मला त्याच वेळी सांगितलं होतं. हे पत्र पहिल्या ओळीपासून तूच वाचते आहेस, आणि मीही पहिल्या ओळीपासून तुलाच लिहितो आहे. तुझं नाव वर घालायचा धीर झाला नाही. भाऊबीजेला दहाच्या गाडीने बादली घेऊन येतो. ताप असेल तर बादली ओट्यावर ठेवून परत जाईन. नसेल तर एवढंच सांगून ठेवतो की मी जेवून येणार नाही.