जुळ्यांच्या पाठचा

कुआन्झा नदीकाठची छावणी,
रविवार, १४ एप्रिल

प्रिय आई,

उठलीस का, झोप नीट लागली का, गुडघा कसा आहे? मीही उठलो आहे आणि बरा आहे. न्गेवेताई, हे तूच आईला वाचून दाखवणार, तेव्हा तुझीही खुशाली आधी विचारतो. पहिल्या कागदावर शाई पसरली, म्हणून हे सगळं पुन्हा उतरवून काढतो आहे. अक्षर लहान आहे, कारण कागद थोडा आहे.

आम्ही शस्त्रं खाली ठेवली, हे तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. इथे मक्याचं पीठ मिळतं, सुकी मासळी मिळते आणि मीठही. मीठ जिभेवर ठेवून मोठमोठे शिपाई रडले. काल कुणाच्या तरी बायकोने मक्याचं पेय, ओचिसांगवा, केलं होतं. फार आंबलं होतं. तुझ्या हातचं असं कधी आंबत नसे.

आजवर रेडक्रॉसच्या उघड्या चिठ्ठीत फक्त घरगुती मजकूर लिहायचा आणि तो दोन्ही बाजूंचे लोक वाचणार, अशी रीत होती. हे पत्र बंद पाकिटात येईल. मला त्याची सवय नाही. अजूनही कुणी खांद्यावरून वाचतंय असं वाटून मी दोनदा मागे वळून पाहिलं.

प्रत्येक चिठ्ठीत तू विचारायचीस, ‘ह्यांचा निरोप का नाही?’ आणि मी लिहायचो, ‘बाबा दूरच्या ठाण्यावर आहेत.’ त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी थोरल्यांबद्दल, आमच्या सेनापतींबद्दल. ते गेले. दलदलीत सरकारी फौजेने गाठलं त्यांना. शेवटच्या दिवसांत पाय इतके सुजले होते की बूट कापून काढावे लागले. आम्ही मूठभर लोक उरलो होतो, मध आणि कंदमुळं खात होतो. तरी ते रोज दाढी करायचे आणि रिकाम्या झाडांना उद्देशून भाषणाची तयारी करायचे. तुला आनंद झाला असेल तर मी वाईट मानणार नाही. जांबादादावर पडलेला तोफगोळा त्यांचाच होता. त्या दिवशीच्या विजयाच्या निवेदनाची शुद्ध प्रत मी केली होती. दादा गेल्याची तुझी चिठ्ठी आली ती नंतर.

पण ते आधी तसे नव्हते, आई, हे तूही पाहिलं आहेस. गावात आले तेव्हा पायी आले होते, तुझ्याच चुलीपाशी बसून सगळ्यांच्या ताटात जेवले होते. म्हणाले होते, ‘गोरा मालक गेला आणि त्याच्या खुर्चीत काळा मालक बसला. मी खुर्चीच मोडणार आहे.’ मिशनच्या दवाखान्यात जखमा बांधणारे आमचे बाबा त्याच दिवशी त्यांचे झाले. मग मी जन्मलो आणि बाबांनी मला थोरल्यांचं नाव दिलं, सेवेरिनो. एका नावाची माणसं म्हणजे सांदो, एकाचा मान तो दुसऱ्याचा. म्हणून बाबा मला, पाळण्यातल्या मुलाला, ‘आपण’ म्हणायचे. ती गोष्ट तू हसून सांगायचीस.

‘थोरले, आपण पुन्हा चड्डी ओली केलीत.’

‘अहो, तुमच्या थोरल्यांना आधी धुऊन आणा, मग राज्य करू द्या!’

तू एकटी ते नाव घ्यायची नाहीस. म्हणायचीस, जांबा-न्गेवे या जुळ्यांच्या पाठचा तो कासिंदा, त्याला दुसरं नाव ठेवत नाहीत. बाबा तेवढ्यापुरते चिडायचे.

थोरल्यांच्या फौजेने शहर सोडलं तेव्हा न्गेवेताईला ताप होता, म्हणून तू तिला आणि जांबादादाला घेऊन मागे राहिलीस आणि बाबांनी मला जंगलात नेलं. थोरल्यांनी मला उचलून घेतलं. ‘ये रे सांदो! आता एकाच पोत्यात दोन सेवेरिनो, पोतं फाटणार!’ शुद्धलेखन त्यांनीच शिकवलं. चुकलं की कान पिळायचे आणि बरोबर आलं की स्वतःच्या खिशातली साखर द्यायचे. मी त्यांच्यावर माया केली. ते खोडून टाकायचं कसं, मला कळत नाही.

पुढे भाषणात कुणी खोकलं तरी ते थांबून त्याच्याकडे बघू लागले. ज्यांच्याकडे बघत ते दिसेनासे होत. पोरं उपाशी मरत होती. एका सभेत बाबा उभे राहिले. म्हणाले, ‘थोरले, आता पुरे करू या. बायकापोरांना शहराकडे जाऊ द्या. तिथे औषधं आहेत.’ कुणी हललं नाही. थोरले हसले. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘आमचे डॉक्टर थकलेत.’

न्गेवेताई, इथे थांब. आधी आईला खाली बसव आणि तिच्याजवळ बस.

दुसऱ्या सकाळी त्यांना घेऊन गेले. झाडाखाली आमची शाळा भरली होती. दोन शिपायांच्या मधून ते चालत आले आणि माझ्यासमोर थांबले. मला वाटलं, नेहमीसारखं ‘थोरले, आपण’ म्हणतील. ते म्हणाले, ‘कासिंदा, तू जेवून घे हं.’ जन्मात पहिल्यांदा मला तू म्हणाले. मग नदीकडे गेले. गोळीचा आवाज शाळेपर्यंत ऐकू आला.

दुपारी थोरल्यांनी मला स्वतःच्या ताटावर बसवलं. म्हणाले, ‘सांदोला बाप लागत नाही. तू म्हणजे मीच.’ आई, मी जेवलो. बाबांनी जेव म्हणून सांगितलं होतं. पण त्या ताटातलं नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यानंतरही मी त्यांच्याजवळच राहिलो, अगदी दलदलीपर्यंत.

इथे नाव विचारलं तेव्हा सरकारी शिपाई हसायला लागले. ‘थोरलं मारलं तर हे धाकटं उगवलं! अरे, याचं बी कुठं कुठं पडलंय?’ इथले लोक हसले, पण आपल्या गल्लीतले हसणार नाहीत. ज्यांच्या घरांवर गोळे पडले त्यांच्या दारावरून हे नाव घेऊन मी कसा जाऊ? आणि तुझ्या दारात जांबादादाची आई उभी असेल, बाबांची बायको उभी असेल. ती मला आत घेईल का?

इथून शहराकडे ट्रक सुटतात. तुझं उत्तर येईपर्यंत मी चढणार नाही. ‘येऊ नकोस’ असं आलं तरी मी इथेच मक्याच्या शेतात काम शोधीन, रागावणार नाही. ‘ये’ असं आलं तर एकच मागणं आहे. दारात मला तू म्हण. बाकी काही बोलली नाहीस तरी चालेल.

खाली सही करतो आहे. हे नाव लिहायला मला कुणी शिकवलं नाही, मी ते फक्त ऐकलं आहे, तुझ्या तोंडून पुष्कळदा आणि बाबांच्या तोंडून एकदा. अक्षरं चुकली असतील तर, न्गेवेताई, दुरुस्त करून आईला दाखव.

तुझा, तू म्हणशील तर,
कासिंदा